भर दुपारी लागलेले दिवे

उसुगुराई हा शब्द मला एका जपानी माणसाने शिकवला. ज्या दिवसांत शिकवला ते दिवस कोणी माझ्या आयुष्यातून काढून नेले तर मी त्याचे पाय धरीन. दिवस कोणी नेत नाही. शब्दही जात नाही.

त्याचा अर्थ साधा आहे. उजेड आहे, पण पुरेसा नाही. काळोख म्हणावा तर वस्तू दिसतात, उजेड म्हणावा तर वाचता येत नाही. जपानी माणसं हा शब्द खोलीला लावतात, जिन्याला लावतात, झाडीतल्या वाटेला लावतात, आणि बोलणारा फारच खचलेला असेल तर मनालाही लावतात, असं त्याने मला त्याच्या मोडक्या इंग्रजीत समजावलं. मी मराठीत शोधून पाहिलं. अंधूक म्हटलं तर दोष डोळ्यांकडे जातो. मिणमिणता म्हटलं की दिवा आला. कातरवेळ ही संध्याकाळच्या मालकीची. आमच्या आईकडे मात्र एक शब्द होता. ती म्हणायची, ‘झावळं झालंय.’ अगदी हेच. पण तिचा शब्द ऐकायचा तेव्हा मी ऐकला नाही.

सांगायचं आहे ते एवढंच. त्या वर्षी माझ्या आईची नजर जात होती, आणि ती पुरती जायच्या आत मी घरी पोचतो की नाही हा प्रश्न होता. बाकी जगासाठी ते आखाती युद्धाचं वर्ष होतं. असेल.

मी तेव्हा सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. म्हणजे प्रेशर, तापमान, पाण्याची पातळी दाखवणारे जे शेकडो काटे असतात, ते खरं दाखवताहेत ना हे बघायचं. काट्यांनी खोटं बोलू नये म्हणून मला पगार मिळत असे. हे वाक्य आज लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि ते काही चांगलं हसू नाही.

माझी सुट्टी गणपतीला मंजूर झाली होती. आईसाठी दोन पातळं घेऊन ठेवली होती, बॅग अर्धी भरली होती. ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये घुसलं आणि आठवड्याभरात आमच्या नोटीसबोर्डावर कागद लागला. पाण्याचा कारखाना बंद पडून चालणार नाही, सबब पुढील सूचनेपर्यंत सर्वांच्या सुट्ट्या रद्द. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. देशाबाहेर जायचा शिक्का कंपनीने अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. पर्सोनेल ऑफिसातला कारकून गोड माणूस होता. कधीही गेलं तरी खुर्ची द्यायचा, साखर घातलेला काळा चहा द्यायचा आणि म्हणायचा, ‘बुकरा.’ म्हणजे उद्या. मी त्या एका शब्दाचे एवढे घोट घेतले की त्या चहाचीच मला शिसारी बसली.

आता आमच्या टेपबद्दल सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला.

आखातातली आमच्याकडची माणसं तेव्हा पत्रं कमी आणि कॅसेट जास्त पाठवायची. साठ मिनिटांची कॅसेट, एक बाजू बोलून भरायची, गावाला जाणाऱ्या कोणाच्या तरी सामानात द्यायची. गावाहून तशीच उलट टेप यायची. आमची टेप गावाकडे एकट्याने ऐकायची पद्धत नव्हती. टेप आली की निरोप वाडीभर जायचा. पडवीत चटया पडायच्या, मधोमध टू-इन-वन, भोवती गोल करून माणसं. मी ‘सगळ्यांना नमस्कार’ म्हटलं की सगळे जण त्या यंत्राला नमस्कार करायचे, असं दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला एकदा सांगितलं होतं. शेजारची काकू तर मला उत्तरंही द्यायची.

एवढ्या लोकांसमोर वाईट कसं बोलणार? त्यामुळे टेपमध्ये वाईट बोलायचं नाही हा कायदाच होऊन बसला होता. कोणाचा ठेकेदार पळून गेला, कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं, हे टेपमध्ये कधी नसायचं. तिकडूनही तेच. परदेशातला माणूस एकटा असतो, त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून म्हातारी माणसं मेल्यानंतरही टेपमध्ये वर्ष-वर्ष जिवंत असायची. ‘आबा बरे आहेत, झोपलेत’ असं ऐकायचं आणि सुट्टीवर गेलं की भिंतीवरच्या फोटोला हार दिसायचा.

माझी आई चौथी शिकलेली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. ती मला पत्रं लिहायची, तिरप्या अक्षरात, कागदाच्या कडेलाही मजकूर भरून. मग तिची पत्रं थांबली आणि ती टेपमध्ये बोलायला लागली. ‘आता कोण लिहीत बसतंय, बोललं की झालं,’ म्हणाली. मला आनंदच झाला. म्हातारी सुधारली म्हणून मी खोलीतल्या सोबत्याला कौतुकाने सांगितलं. एका टेपमध्ये बोलता बोलता भांडं पडल्याचा आवाज आला, आणि ती ओरडली, ‘हे कुणी ठेवलं वाटेत?’ आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या एका टेपमध्ये ती म्हणाली, ‘हल्ली घरात लवकर झावळं होतं.’ मला वाटलं, मागचं फणसाचं झाड वाढलं असेल. उत्तराच्या टेपमध्ये मी दादाला फांदी तोडायला सांगितलं.

दिवाळीनंतर वहिनीचं पत्र आलं. तिने कायदा मोडला, तिचे उपकार. सरळ लिहिलं होतं, ‘सासूबाईंना काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याने समोरचं थोडं दिसतं. दोन वर्षं लपवलं त्यांनी. तुम्हाला कळवू नये म्हणून शपथ घातलीय, तरी लिहिते.’

मी त्या पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि शिफ्टला गेलो. दुसरं काय करणार होतो? दुसऱ्या दिवशी पर्सोनेल ऑफिसात पत्र घेऊन गेलो, मराठी पत्र, जणू तो कारकून ते वाचणारच होता. त्याने खुर्ची दिली. चहा दिला.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. त्याची वर्णनं इतरांनी पुष्कळ केली आहेत. आम्हाला गॅसचे मुखवटे वाटले, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, भोंगा झाला की संडासात जाऊन बसायचं कारण तिथे खिडकी नव्हती. भीती वाटायची, नाही असं नाही. पण खरं सांगतो, मला क्षेपणास्त्रापेक्षा दिनदर्शिकेची जास्त भीती वाटत होती.

फेब्रुवारी संपताना युद्ध संपलं आणि धूर आला. पळता पळता इराक्यांनी कुवेतच्या तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या, आणि वारा उत्तरेचा असला की तो सगळा धूर किनाऱ्याने खाली आमच्याकडे येत असे. सकाळी उठावं तर कॉटवरच्या चादरीवर काजळी. नाक शिंकरलं तर काळं. सूर्य दिसायचा, पण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं, जुन्या तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. दुपारी बाराला माणसाची सावली पडत नव्हती.

अशाच एका दिवशी तक्रार आली की यार्डातले दिवे भर दुपारी लागलेत, बघा. ते दिवे एका फोटोसेलवर चालायचे. काळोख पडला की तो दिवे लावतो, उजाडलं की घालवतो. मी शिडी लावली, सेलची काच पुसली, दिवे काही विझेनात. वायरिंग तपासलं. स्टोअरमधून नवा सेल आणून बसवला. बसवल्या बसवल्या त्यानेही दिवे लावले. मी त्याला आईबहिणीवरून दोन शिव्या घातल्या आणि तिसरा आणायला निघालो.

खाली तो जपानी इंजिनीयर उभा होता. बाष्प बनवणारी मोठी यंत्रं त्याच्या कंपनीची. युद्धाआधी त्याच्या लोकांना परत बोलावलं होतं, बाकीचे गेले, हा गेला नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, ‘यंत्र अजून ताब्यात दिलेलं नाही.’ पन्नाशीचा, बारीक, शर्टाच्या खिशात तीन पेनं. आम्ही त्याला मागे पुष्कळ हसायचो.

‘सेल बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘तू चूक.’

‘साहेब, बारा वाजलेत.’

‘सेलला घड्याळ नाही. सेल उजेड बघतो.’ त्याने वर बोट केलं. ‘तू बघ.’

मी बघितलं. आठवडाभर त्या आकाशाखाली वावरत होतो, पण थांबून बघितलं ते तेव्हाच. एक तपकिरी, मळकट उजेड सगळीकडे सांडला होता. टाक्या, पाइप, माणसं, सगळं जागच्या जागी होतं आणि सगळ्यातून जीव गेला होता.

मग त्याने मला कंट्रोल रूममध्ये नेलं आणि माझं त्या दिवशीचं लॉगशीट पुढे केलं. त्यात हवामानाचा एक रकाना असे. मी तिथे रोजच्यासारखं लिहिलं होतं, ‘क्लिअर’. वर्षानुवर्षं तिथे क्लिअरच लिहिलं जात होतं, वाळवंटात दुसरं काय असणार. आदल्या दिवशीही क्लिअर. त्याच्या आदल्याही.

‘क्लिअर?’ तो म्हणाला. रागावला होता. एरवी त्याचा आवाज चढत नसे. ‘हा कागद उद्या कोणी बघेल. दिवे का लागले विचारेल. तू खोटं लिहिलंस तर त्याला सेल खराब वाटेल.’ मग त्याने पेन काढून माझ्या क्लिअरवर एक रेघ मारली आणि बाजूला त्याच्या लिपीत काहीतरी लिहिलं. वाचून दाखवलं, ‘उसुगुराई.’ त्या दिवशी त्याने मला तो शब्द समजावला. मी अर्थ विचारला नसता तर बरं झालं असतं, कारण तो सांगत असताना मला एकदम आमची पडवी दिसली आणि भांडं पडल्याचा आवाज ऐकू आला. दोन वर्षं माझी आई या अशा उजेडात वावरत होती, भर दुपारी, आणि मी फणसाची फांदी तोडायला सांगितली होती. मी तोंड फिरवून पाणी प्यायला गेलो.

गावात फोन एकाच्याच दुकानात होता. मी पत्राने दादाला शुक्रवारची वेळ कळवून ठेवली होती. पण लायनी लागत नव्हत्या. दादा तीन शुक्रवार दुकानाच्या बाकावर येऊन बसून गेला. चौथ्या शुक्रवारी शहरातल्या टेलिफोन केबिनबाहेर तीन तास रांगेत उभा राहिल्यावर त्याचा आवाज कानावर आला.

‘बरा आहेस ना? तिकडे बॉम्बबिम्ब...’

‘ते राहू दे. आईचं सांग.’

‘रत्नागिरीला नेलं होतं डॉक्टरकडे. म्हणाला, गेलं ते परत येत नाही. राहिलंय तेवढं वाचवायचं तर महिन्याच्या आत ऑपरेशन. तारीखपण दिलीय. पण ही ऐकत नाही. म्हणते, धाकटा आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही.’

‘का पण?’

‘मावशीचं ऑपरेशन बिघडलं होतं ना, ते तिच्या डोक्यात आहे. म्हणते, पट्टी बांधायच्या आधी एकदा त्याला बघून घेते. मग काय व्हायचं ते होऊ दे.’

केबिनच्या काचेवर बाहेरचा माणूस टकटक करत होता.

‘तू तिला सरळ सांग,’ दादा म्हणाला, ‘की मी येत नाही. कधी येईन माहीत नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तर चढेल ती. मी सांगितलं तर म्हणते, तू आपल्या मनाचं सांगतोस. एक टेप पाठव. लवकर पाठव.’ आणि लाइन गेली.

तेवढंच काम होतं. एक वाक्य बोलायचं होतं.

ते बोलायच्या आधी मी पुन्हा पर्सोनेल ऑफिसात गेलो. त्या दिवशी कारकून चक्क म्हणाला, ‘एप्रिल, इंशाअल्ला.’ सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून महिन्याचं नाव निघालं होतं. मी ते खिशात घालून आलो. माझ्या मनाला ठाऊक होतं की त्याला काही किंमत नाही. बुडणाऱ्याने काहीही धरावं तसं मी ते धरलं, एवढंच.

जपान्याला मी सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघं कंट्रोल रूमच्या पायरीवर बसलो होतो, यार्डातले दिवे लागलेले होते. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि यंत्राच्या बिघाडाबद्दल विचारावं तसे प्रश्न विचारले.

‘एप्रिलचा कागद आहे?’

‘नाही. तोंडी.’

‘डॉक्टरची तारीख एप्रिलच्या आधी?’

‘आधी.’

‘मग आईला सांग. तारीख नाही. थांबू नको.’

‘असं सांगता येत नाही.’

‘का?’

मी त्याला पडवी समजावून सांगू लागलो. टेप, चटया, वाडीची माणसं, शेजारची काकू. तो शांतपणे म्हणाला, ‘जे आहे ते का नाही लिहीत तुम्ही लोक?’

मला राग आला. असा राग आला की माझं इंग्रजी सुधारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे आईशी बोलायला लॉगशीट असेल, आमच्याकडे नाही. म्हटलं, तुझ्या गावात तुझा आवाज ऐकायला चाळीस माणसं बसतात का? त्यांच्यासमोर आईला सांगू, की तुझ्या डोळ्यांपेक्षा मला कंपनीचं पाणी जास्त आहे? तो डबा बंद करून उठला. त्याचं बरोबर होतं म्हणूनच मी एवढा ओरडलो, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच दिवशी शिफ्ट संपल्यावर मी खोलीत टेप भरायला बसलो. तीन-साडेतीनची वेळ, पण दिवा लावावा लागला. माझा सोबती, आमच्या गावच्या खाडीपलीकडचा, जातीने मुसलमान, धंद्याने वेल्डर, सामान बांधत होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि त्याच्या ठेकेदाराने त्याला शिक्का मिळवून दिला होता. माझ्यादेखत तो खोक्याला दोरी आवळत होता. मला त्याचा हेवा वाटला हे लपवत नाही.

पहिल्यांदा मी खरं बोललो. ‘आई, मला सुट्टी नाही. कधी मिळेल सांगता येत नाही. तू माझी वाट बघू नको, डॉक्टरने दिलेल्या तारखेला ऑपरेशन करून घे.’ एवढंच. मग रिवाइंड करून ऐकलं. माझाच आवाज, पण कोणी मेल्याची बातमी सांगत असल्यासारखा. मला पडवी दिसली. सगळ्यांच्या माना आईकडे वळलेल्या दिसल्या. ती काय करेल? पदर सारखा करेल, म्हणेल, चहा टाका गं कुणीतरी. आणि आत जाऊन एकटी बसेल, त्या झावळ्या घरात. ते मला सोसेना. तिला सोसलं असतं, ती घट्ट बाई होती. मला सोसेना.

मी त्यावर पुन्हा रेकॉर्ड केलं. सगळ्यांना नमस्कार केला. युद्ध संपलं, काळजीचं कारण नाही म्हणालो. मग म्हणालो, ‘आई, एप्रिलमध्ये मी येतोय. नक्की. मग आपण दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ.’

सोबत्याचे हात थांबले होते. फोनवरचं सगळं त्याला माहीत होतं. ‘एप्रिलमध्ये जातोस काय तू?’ त्याने विचारलं.

‘बघू.’

‘बघू काय? अरे, मी चाललोय ना गावाला. टेप राहू दे. मी सोता तुझ्या आयेजवळ बसून सांगतो काय खरं ते. चार माणसांत नाही सांगत, आत चुलीजवळ बसून सांगतो. माझी पण आयच ती.’

देवाने इतकं सरळ दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, ‘नको. टेप दे फक्त.’

‘बघ हां.’

‘दिलं ना मी सांगून. टेप दे.’

त्याने ती खोक्यात न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवली, मोडू नये म्हणून.

आठवड्याने जपान्याने विचारलं, ‘आईला सांगितलं?’ मी म्हटलं, ‘यस.’ तो ‘गुड’ म्हणाला आणि वाकून त्याच्या कामाला लागला. ज्या कागदावर माझी सही असे त्यावर आता तो विश्वास ठेवत होता, कारण त्या दिवसापासून हवामानाच्या रकान्यात मी रोज जे असेल तेच लिहीत होतो. धूर असेल तर धूर. दिवे लागले तर लागण्याची वेळ. त्यात मी एक दिवसही चुकलो नाही, याची शरम मला आज जास्त वाटते.

एप्रिल आला. समुद्रावर तेलाचे तवंग पसरले होते, ते पाणी खेचणाऱ्या तोंडात शिरू नयेत म्हणून सगळे कामाला जुंपले होते, कोणालाच सोडत नव्हते. मी ऑफिसात गेलो. खुर्ची, चहा, बुकरा. मी टेबलावर हात आपटून ओरडलो तेव्हा तो कारकून घाबरला नाही, उलट त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, माझीही आई कैरोत आहे, मलाही सोडत नाहीत. अशा माणसावर रागावण्याची सोयही राहत नाही.

मे महिना संपताना माझं नाव यादीत लागलं. मुंबईच्या विमानतळावर दादा आला होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं नाही. गावच्या वाटेवर, गाडी घाट उतरून खाली आल्यावर, एका चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं.

‘तुझी टेप आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती डॉक्टरची. गाडी ठरवली होती मी. कशीबशी तयार केली होती तिला, तुझ्या वहिनीने आणि मी मिळून, तुझी वाट न बघता. मग टेप लावली. ती म्हणाली, एप्रिल म्हणतोय ना तो, आता काय एवढ्यासाठी घाई. आणि गाडी परत पाठवली.’

मी ग्लास खाली ठेवला.

‘एप्रिलमध्ये उजवा पण गेला. मग नेलं होतं. डॉक्टर म्हणाला, आता कशाचा उपयोग नाही. दिवस आहे की रात्र तेवढं कळतं तिला.’ त्याने चहाचा घोट घेतला. ‘वाडीत कोणाला कळू दिलं नाहीये तिने. पावलं मोजून चालते घरात. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. तू आल्यावर तूपण काही दाखवू नको. तिला तेवढं तरी राहू दे.’

मी त्याला म्हणालो, तू मला मार. तो म्हणाला, चहा पी, गार होतोय.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा-साडेदहा झाले होते. स्वच्छ ऊन होतं. रिक्षाचा आवाज ऐकून वाडी जमली होती, पडवीत, अंगणात, नेहमीसारखी. दादा माझी मोठी बॅग घेऊन पुढे झाला, मी रिक्षावाल्यापाशी मागे राहिलो. वहिनी ओरडली, ‘आले हो!’ आणि आई बाहेर आली. एक हात खांबाला. धुवट पातळ, केस नीट बांधलेले, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. तिने हसून मान वर केली आणि पुढे येणाऱ्या पावलांकडे पाहिलं.

‘आलास?’ ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ‘अगोबाई, केवढा वाळलास रे! आणि काळा किती पडलायस. बघा तरी याचा रंग.’

ती दादाकडे बघून बोलत होती.

दादा जागच्या जागी थांबला. काकूने तोंडाला पदर लावला. अंगणात कोणी काही बोललं नाही, आणि त्या शांततेने आईच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं हललं.

मी पायातल्या चपला काढल्या, आवाज होऊ न देता. अंगण ओलांडलं. दादाच्या हातातली बॅग घेतली, त्याला हळूच मागे सारलं आणि ती बघत होती तिथे जाऊन उभा राहिलो.

‘हो आई,’ मी म्हटलं. ‘ऊन फार तिकडे.’